शिंगाचे झिजलेले तोंड

माउलींच्या सोहळ्यात चाललेल्या माणसाला कर्ण्याची ओळख करून द्यायला नको. तळावर पहिला कर्णा झाला की राहुट्या उतरू लागतात, वळकट्या ट्रकवर चढतात. दुसऱ्या कर्ण्याला दिंड्या आपापल्या क्रमाने उभ्या राहतात. तिसरा झाला की माउली निघतात. घड्याळ कोणी पाहत नाही. कोणाचा चहा अर्धा राहतो, कोणाचे धोतर नेसायचे राहते, पण तिसऱ्या कर्ण्यानंतर तळावर कोणी रेंगाळत नाही. मी अनेक वर्षे या आवाजामागे चाललो. तो आवाज ज्यातून येतो ते पितळेचे नळकांडे मात्र कधी हातात घेऊन पाहिले नव्हते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर जुनी पितळी वाद्ये दुरुस्त करण्याचा नाद लागला, तेव्हा कुठे त्याच्याकडे नीट पाहणे झाले.

आपल्याकडे या वाद्यांच्या नावांचा थोडा घोळ आहे. सरळ, लांब, पुढे फुलासारखा पसरलेला तो कर्णा. वळलेले ते शिंग. शिंग बहुधा दोन तुकड्यांचे असते. तुकडे एकाच अंगाने जोडले तर चंद्रकोर होते, एक उलटा फिरवून जोडला तर नागमोडी वळण येते. तुतारी हा शब्द लोक दोहोंनाही लावतात. (हल्ली तुतारी म्हटले की ऐकणारा गालात हसतो आणि निवडणुकीचा विषय काढतो. तो इथे नको.) शिंग हे नाव सरळ जनावराच्या शिंगावरून आले आणि कर्णा हा शब्द फारसीतून. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या नगारखान्यातील वाद्यांची नोंद केली आहे. त्यात कर्णा आहे आणि शिंगही आहे. शिंग पितळेचे, गाईच्या शिंगाच्या आकाराचे, आणि अशी दोन एकदम फुंकतात, असे तो सांगतो. त्याहून मागे जायचे तर गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंख, भेरी यांच्या जोडीला गोमुख नावाचे वाद्य वाजते. म्हणजे ही सारी मंडळी मुळात रणांगणावरची. देवाच्या दारात ती नंतर आली.

या वाद्याला बासरीसारखी छिद्रे नाहीत, पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. ओठ थरथरवायचे आणि छातीतला वारा आत सोडायचा. नळीची लांबी जेवढी, तेवढाच तिचा मूळ सूर. ओठ आवळले की त्याच नळीतून वरचा सूर निघतो, आणखी आवळले तर त्याहून वरचा. दोन-तीन सूर, फार तर चार. त्यांत गाणे बसत नाही, हाक बसते.

ही लष्करी हाक आपल्या वारीत कशी आली, याचे उत्तर आपल्याला सातारा जिल्ह्यातच सापडते. हैबतबाबा मूळचे साताऱ्याजवळच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी त्यांनी सरदारकी केली. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांच्या टोळीने त्यांना धरले, ते कोंडलेल्या जागी हरिपाठ म्हणत राहिले आणि पुढे सुटका झाली, ही कथा आपण सारेच ऐकत आलो. त्यानंतर ते गावाकडे न जाता आळंदीला माउलींच्या पायाशी राहिले. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली होती. तिच्यात आळंदीच्या आणि देहूच्या पादुका एकत्र निघत. १८३०च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र उभा केला. वासकर, आजरेकर, शिरवळकर या मंडळींची साथ त्यांना मिळाली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावून दिली.

सरदाराने बांधलेला सोहळा तो. त्याची रचना पाहा. जरीपटका आहे, अश्व आहेत, तळ आहे, चोपदार आहेत, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत, आणि निघायचा इशारा कर्ण्याचा आहे. माझ्या मते हैबतबाबांनी फौज मोडली नाही, तिची दिशा बदलली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्यही १८४८ मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. मराठी मुलखात हजारो हत्यारे, शेकडो शिंगे आणि नगारे रिकामे झाले. त्यांतली काही मोडीत गेली. काही देवळांत आली.

हेच सांगली जिल्ह्यात दुसऱ्या तऱ्हेने घडले. मिरजेचे शिकलगार म्हणजे तलवारींना धार देणारे कारागीर. लढायांचे दिवस सरल्यावर त्यांच्या हाताला काम उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भाऊबंदांनी तंबोरा, सतार घडवायला घेतली. आज मिरजेचा तंबोरा देशभर जातो, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीवरचा हात तारेवर आला. सोहळ्यासाठी माउलींचे अश्व आजही अंकलीहून पायी निघतात. कृष्णाकाठाने मिरज-सांगली करत पुढे कराड-साताऱ्याकडून पुणे आणि मग आळंदी असा त्यांचा प्रवास असतो. त्या अश्वांच्या दर्शनाला मी रस्त्याकडेला उभा राहतो, तेव्हा मला नेहमी वाटते की आरफळचा सरदार, अंकलीचे घोडे आणि मिरजेचे शिकलगार ही एकाच काळाची तीन टोके आहेत.

आता दुरुस्तीकडे येतो. आमच्या भागात क्वचितच एखादे जुने देऊळ असेल की ज्याच्या माळ्यावर पोचा पडलेले शिंग नाही. कुठे झांजा असतात, कुठे घंटा, कुठे लग्नातल्या बँडवाल्याने सोडून दिलेला बिगुल. लोकांना ती फेकवत नाहीत आणि वाजवताही येत नाहीत. माझ्याकडे आलेले पहिले शिंग असेच होते. सबंध काळे पडलेले, मध्ये चेपलेले, जोडाच्या ठिकाणी उकललेले. मी उत्साहाने चिंचेच्या कोळात ते रात्रभर बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मोटारीवरच्या फिरत्या बुरशाने घासले. आरशासारखे झाले. देवळातल्या मंडळींनी वाहवा केली. घरी येऊन आधी काढलेला फोटो पाहिला तेव्हा लक्षात आले की घेराच्या काठावर टिंबाटिंबांनी ठोकलेली एक ओळ होती. अर्पण करणाऱ्याचे नाव असावे, आणि बहुधा शकही. फोटोत ती धूसर दिसत होती, वाचता येत नव्हती. आणि शिंगावर तर ती आता नव्हतीच. कोणा एकाने आपल्या शेतीच्या उत्पन्नातून विठोबाला दिलेली वस्तू मी एका सकाळी बेवारस करून टाकली.

चिंच वाईट नाही, घरोघरी आपण तांब्या-पितळ तिनेच उजळतो. पण पितळ म्हणजे साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त. आंबट पाण्यात ते फार वेळ राहिले की वरचे जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांबूस डाग उमटतात. ते डाग मग घासून जात नाहीत, कारण तिथे पितळच उरलेले नसते. काळसर तपकिरी थर हा तर मळ नव्हेच. तो धातूने स्वतःवर ओढलेला पातळ पदर आहे, खालच्या धातूला तोच राखतो. काढायचा असतो तो हिरवा कळंक. त्याला रिठ्याचे पाणी, मऊ कापड आणि वेळ पुरतो. वेळ हेच जड जाते.

त्या फसगतीनंतर मी वाईजवळच्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. ही चर्चची घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या अशा घंटा मराठ्यांनी आणल्या आणि वेगवेगळ्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि मेरीमातेची बाळ येशूसह आकृती आहे. शंकराच्या दारी, कृष्णेच्या घाटावर इतकी वर्षे ती घंटा आहे, आणि आकृती खरवडून काढावी असे कोणाला सुचले नाही. लढाईत जिंकून आणलेल्या वस्तूवरचीसुद्धा ओळख आपल्या पूर्वजांनी राखली, आणि मी आपल्याच माणसाचे नाव बुरशाखाली घातले. घाटावर बराच वेळ बसलो होतो.

त्यानंतर मी हत्यारे कमी केली. पोचा काढायला आता एक गोल डोक्याची लोखंडी सळई, एक लाकडी मोगरी आणि राळ एवढेच लागते. शिंग वळवताना जुने तांबट नळीत वितळलेली राळ भरत, म्हणजे वळणावर पत्रा चुरगळत नाही. मग शेक देऊन राळ ओतून काढत. पोचा काढतानाही हीच युक्ती चालते. फुंकायच्या बाजूला नळी अरुंद असते, तिथला गव्हाएवढा पोचाही सूर बिघडवतो. पुढच्या घेराला मात्र तळहाताएवढा खळगा असला तरी आवाजाला फारसा फरक पडत नाही, म्हणून तो मी बऱ्याचदा तसाच ठेवतो. गळती कुठे आहे हे पाहायची रीत सायकलच्या पंक्चरची. एक तोंड बुचाने बंद करायचे, नळी पाण्यात धरायची, दुसरीकडून फुंकायचे. बुडबुडे येतील तिथे डाख. दोन तुकड्यांच्या जोडाला डाख देऊ नये, तो उघडता राहिला पाहिजे. तिथे मेण चोळलेला सुती दोरा पुरतो.

टाळांचे वेगळे असते, हे सांगून ठेवतो, कारण वारकरी मंडळी माझ्याकडे टाळच अधिक घेऊन येतात. चांगला जुना टाळ काशाचा, म्हणजे तांबे आणि कथील यांचा, साधारण चारास एक या मानाने. कथील इतके असले की धातू गोड वाजतो पण ठिसूळ होतो. त्याला तडा गेला की तो बद्द वाजतो आणि मग त्याला औषध नाही. डाख दिला तरी नाद परत येत नाही. तो मोडीत घालून पुन्हा ओतावा लागतो. आजोबांचा टाळ घेऊन येणाऱ्या माणसाला हे सांगताना मला अजूनही बरे वाटत नाही. मी म्हणतो, वाजवू नका, देव्हाऱ्यात ठेवा.

आणि आता ज्या शिंगासाठी हे सारे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो.

ते आमच्याच गावच्या विठ्ठल मंदिराचे. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सामान हलवताना कोणी ते एका गोठ्याच्या माळ्यावर टाकले आणि विसरले. किती वर्षे गेली कोणास ठाऊक. खाली उतरवले तेव्हा त्याला वळणावर लांब लांब भेगा होत्या. पडल्याची खूण नाही, चेपल्याची नाही, पण पत्रा आपणहून फाटल्यासारखा. मला हे कोडे सुटेना. पुढे वाचनात आले की इंग्रज सरकारच्या फौजेलाही हिंदुस्थानात हाच प्रश्न पडला होता. त्यांच्या बंदुकीची पितळी काडतुसे पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकत. दारूगोळा तबेल्यांत ठेवलेला असे. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पावसाळ्याची ओल, हे दोन्ही मिळून ठोकून ताणलेल्या पितळेला आतून फाडतात, हे १९२१ च्या सुमारास संशोधकांनी सिद्ध केले. ठोकताना धातूत जो ताण राहून गेलेला असतो तिथेच भेग पडते. आमचे शिंग गोठ्याच्या बरोबर वर होते.

उपाय असा की पितळेचा ताण उतरवायचा. अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश शेक द्यायचा आणि आपोआप निवू द्यायचे. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो, म्हणून जुने डाख आधी सोडवावे लागतात. शेक आधी, डाख नंतर. प्रत्येक भेगेच्या टोकाला सुईएवढे छिद्र पाडले, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. मग आतून पातळ पट्टी, टाकणखार आणि झाळ. तोंडाजवळ शिसे वापरायचे नाही, कारण ते ओठांना लागणार. तिथे निव्वळ कथील. दोन महिने यात गेले. या शिंगाच्या घेरावरचे नाव मी पहिल्याच दिवशी कापसाने झाकून घेतले होते. गावच्या एका जुन्या घराण्याचे नाव आहे ते, आजही मंदिराच्या पंचांत त्यांचे माणूस आहे.

शेवटी राहिले फुंकायचे तोंड. ते गोल नव्हते. डाव्या बाजूला काठ झिजून जवळजवळ अर्धा झाला होता. इतका की बोट फिरवले तर खळगी लागत होती. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला वाकडी कड पाहवत नाही. एक कडे घडवायचे, झिजलेल्या जागी बसवायचे आणि लेथवर गोल करून घ्यायचे, अर्ध्या दिवसाचे काम. मी कडे तयारही केले होते.

त्याच संध्याकाळी गावाच्या खालच्या अंगाला राहणारे एक म्हातारे गृहस्थ शिंग पाहायला आले. बसले, चष्मा पुसला, शिंग मांडीवर घेतले आणि अंगठा नेमका त्या खळगीवर ठेवला. म्हणाले, “ही आमच्या बापाची हाय. त्येच्या अगुदर त्येच्या बापाची. आमच्याकडं समदी डाव्या वठानं फुंकायची.”

शिंग कोणी वाजवायचे हे गावोगाव वेगळे. कुठे गुरव, कुठे होलार, कुठे महार. आमच्या गावी महारवाड्यातले एक घराणे होते. एकादशीला आणि पालखीच्या दिवशी वाजवणारा देवळाच्या पायऱ्यांखाली उभा राहायचा. आवाज गाभाऱ्यात जायचा, माणूस नाही. चोखोबांच्या काळात हेच होते आणि या म्हाताऱ्या गृहस्थांच्या लहानपणीही हेच होते. पंढरपूरलासुद्धा चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर नामदेव पायरीजवळ आहे, आणि ज्यांनी त्यांचे अभंग शतकानुशतके आळवले त्यांनी त्यांच्या जातभाईंना आत येऊ दिले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात १ मेपासून १० मेपर्यंत प्राण पणाला लावल्यावर. त्या वेळी आपल्यातल्याही अनेकांनी त्यांना विरोध केला होता. संप्रदायाचा इतिहास सांगताना हे पान आपण पटकन उलटतो, म्हणून ते इथे थांबून लिहितो आहे.

पुढे १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले आणि बाबासाहेबांच्या शब्दाखातर गावोगावच्या लोकांनी गावकीची कामे सोडली. मेलेली जनावरे ओढणे सोडले, सांगावे पोचवणे सोडले, वाजवणेही सोडले. १९५८ च्या कायद्याने वतनेच संपली. आमच्या गावचे शिंग त्याच सुमारास मुके झाले. मी आजवर समजत होतो की बँड आले, लाउडस्पीकर आले, लोकांना जुन्याची किंमत राहिली नाही, म्हणून ही वाद्ये माळ्यावर गेली. काही तशी गेलीही असतील. हे शिंग मात्र कोणी विसरले नव्हते. ते कोणीतरी जाणूनबुजून खाली ठेवले होते.

मी त्यांना विचारले, “तात्या, आषाढीला दिंडी निघेल तेव्हा तुमच्या घरातलं कुणी फुंकेल का?” मनात आले होते की केवढे मोठे काम होईल, आता देवळात सगळेच येतात, आत उभे राहून वाजवतील. त्यांनी शिंग खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “शिंग नीट करताय, चांगलं काम हाय आप्पा. पर आमाला फुंकाय सांगू नगा. बापानं सोडलं त्ये सुखासुखी सोडलं न्हाई. सोडलं म्हून वरीसभर कुणी कामाला बोलावलं न्हाई त्येला. त्यानं जे सोडलं त्ये म्या कशाला धरू?”

मला उत्तर सुचले नाही. माउलींच्या सोहळ्यात समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप वर करतात आणि लाखो माणसे क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनेच टाळ वाजवत राहायचे. मग चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात. ही रीत मला फार आवडते. पण ती तक्रार टाळ वाजवून करायची, आणि त्यासाठी आधी दिंडीत जागा असावी लागते. पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या माणसाला वाजवत राहून तक्रार करता येत नव्हती. त्याने वाजवणे बंद करून केली. ती ऐकायला आम्हाला साठ-पासष्ट वर्षे लागली, आणि मी ती ऐकली तीही शिंगाला डाख देता देता.

ते गेल्यावर तयार केलेले कडे मी भंगाराच्या डब्यात टाकले. घेरावर देणाऱ्याचे नाव आहे, शक आहे. फुंकणाऱ्याचे नाव कुठेच नाही. ही डाव्या बाजूची खळगी तेवढी आहे. ती भरली असती तर पहिल्या शिंगाच्या वेळी अजाणता केले तेच या वेळी जाणून केले असते.

मंदिराच्या बैठकीत यावर वाद झाला. एक जण म्हणाला, तोंड वाकडे ठेवून कसली दुरुस्ती. दुसरा म्हणाला, पॉलिश करून काचेच्या पेटीत लावा, खाली देणगीदाराची पाटी लावा. पाटी लावायची तर दोन नावांची लावा, एवढेच मी म्हणालो, आणि दुसरे नाव कोणते ते सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्यांच्या पणजोबांचे नाव घेरावर आहे ते पंच म्हणाले, “पाटी कशाला? वाजवायचंय ना, वाजवा.” पाटी झाली नाही. पेटीही झाली नाही. हे त्यांनी मोठेपणाने म्हटले की विषय टाळायला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शिंग फुंकायला दिंडीतला एक तरुण पुढे आला. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो, छाती भक्कम आहे. महिनाभर नदीकाठी त्याचा सराव चालला होता. पहिले आठ दिवस नुसता फुसफुसाट. त्याचे म्हणणे, आप्पा, तोंड सरळ लावले की वारा बाजूने सुटतो. नंतर त्याला आपोआप उमगले. ओठ थोडे डावीकडे नेले की खळगीत नीट बसतात आणि सूर लगेच धरतो. “असं तिरकं धरायला लागतंय,” असे म्हणून त्याने मला दाखवले. त्याला ती खळगी कोणाची हे तोवर माहीत नव्हते. मी सांगितले.

आषाढीच्या आधी दिंडी गावातून निघाली त्या सकाळी शिंग वाजले. देवळापासून वेशीपर्यंत वाट खालच्या आळीवरून जाते. तात्या आपल्या ओट्यावर चहा घेत बसले होते. दिंडीतल्या चार-दोघांनी त्यांना रामकृष्णहरी घातला, त्यांनी जय भीम म्हणून मान हलवली. तो तरुण त्यांच्या दारापुढे आला तेव्हा का कोणास ठाऊक थांबला आणि त्याने पुन्हा एकदा शिंग तोंडाला लावले. खालचा सूर चांगला भरला, वरचा जरा फाटला.

दिंडी पुढे गेली. मी मागे होतो, ओट्याजवळ क्षणभर थांबलो. तात्यांनी कप खाली ठेवला.

“वरच्या सुराला घाई करतंय पोरगं,” ते म्हणाले. “खालचा अजून भरू द्यावा. सांगा त्येला.”